मुंगीची साक्ष

संपादकांचं म्हणणं असं की दिवाळी अंकात लोकांना हसायला आवडतं, तेव्हा मी बाळंतपणातल्या गमती लिहाव्यात. गमती भरपूर आहेत. पण महाड-पोलादपुरात मी ज्या गोष्टींवर हसले, त्यातल्या निम्म्यांवर घरी येऊन भांडलेही आहे. तेव्हा अंक विकत घेणाऱ्यांनी आधीच सावध व्हावं.

माझे वडील महाडला एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात देवांपेक्षा पत्रकं जास्त. मुलींना शाळेत घाला, दारू सोडा, हुंडा घेऊ नका, पाणवठे सर्वांना खुले करा. छापताना बिघडलेले कागद घरी यायचे आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बेरजा करायची. बेरजा संपल्या की कागद उलटा करून वाचायची. त्यातून माझी अशी समजूत झाली की जगात जे वाईट चाललं आहे, ते लोकांनी अजून नीट वाचलेलं नाही म्हणून चाललं आहे. मुंबईला शिकून नर्स झाले आणि पोलादपूरच्या दवाखान्यात रुजू झाले, तेव्हा ही समजूत माझ्या ट्रंकेत घड्या घालून ठेवलेली होती.

पहिल्याच महिन्यात मी पाणवठ्यावर उभी राहून बायकांना ‘अर्भकाचा आहार’ हे पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी हंडे खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग एकीनं विचारलं, “बाय, तुला पोरं किती?”

“माझं लग्न झालेलं नाही.”

“मंग ह्ये कोणाला पाजून लिवलंस गो?”

हंडे उचलून त्या निघून गेल्या. वळणावर पोचल्यावरही हसणं ऐकू येत होतं.

लोकांना वाटतं, मूल बाहेर आलं, नाळ कापली, की नर्सचं काम संपलं. पेढा घ्यायचा आणि निघायचं. माझं काम खरं तिथून सुरू होतं. ओलं मूल कोरडं करायचं आणि कपडे न चढवता तसंच आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं. वरून दोघांना मिळून एकच पांघरूण घालायचं. मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. आजूबाजूच्या बायका “पुसा, न्हाऊ घाला, मध चाटवा” म्हणून उठत असतात, त्यांना बसवून ठेवावं लागतं. थोड्या वेळानं मूल मान हलवतं, तोंड उघडतं, हातापायांनी जरासा रेटा देतं आणि स्वतःच वास काढत दुधाकडे सरकतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपण एवढंच बघायचं की त्याचं पोट आईच्या पोटाला लागलेलं आहे, आणि त्यानं नुसतं बोंड न धरता भोवतीचा काळा भागही तोंडात घेतला आहे. नुसतं बोंड चोखलं की चिरा पडतात, आई कळवळते आणि लोक म्हणतात, हिला दूध नाही.

मला हे मुंबईत शिकवलं नव्हतं. तिथे बाळं आईपासून दूर पाळण्यांच्या रांगेत असत आणि घड्याळ बघून आईकडे नेली जात. अशक्त बाळांना गरम पाण्याच्या पिशव्या लावत. पोलादपूरला पाळणे नव्हते आणि गरम पाण्याची एकुलती पिशवी गळत होती. म्हणून मी बाळं आयांच्या अंगावर ठेवू लागले. आमच्या मुंबईच्या मॅट्रनबाईंनी पाहिलं असतं तर मला परत शिकायला बसवलं असतं. पण आईच्या अंगावरचं मूल पिशवीजवळच्या मुलापेक्षा जास्त गरम राहतं, कमी रडतं, लवकर पितं, हे मी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पिशवी कपाटात टाकून दिली.

घड्याळाचंही सांगते, म्हणजे शिकलेल्यांना वाटायला नको की चुका फक्त डोंगरावर होतात. महाडच्या बाजारपेठेत एक सावकारीण होती. तिच्या भावानं मुंबईहून गजराचं घड्याळ आणि एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. मूल भुकेनं निळंजांभळं होऊन रडत होतं आणि ही डोळ्यांत पाणी आणून काट्याकडे बघत होती.

“अजून वेळ व्हायचीय हो,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “वहिनी, घड्याळाला भूक लागली की बाळाला पाजायचं, असं आहे का पुस्तकात?”

तिनं रडता रडता फुर्रकन हसून पदर घेतला आणि मुलाला छातीशी धरलं. सासूबाई तेवढ्यात घड्याळ उचलून देवघरात ठेवून आल्या. तिथे ते वाजलं की त्या दिवा लावायच्या.

मला मात्र लिहायचं आहे ते उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीबद्दल.

माघातली थंडी होती. मी उमरठला देवी टोचायला गेले होते. तिथे धोंडू नावाचा माणूस मला शोधत आला. पायात बूट, अंगात मुंबईचा कोट. गोदीत कामाला होता, बायको बाळंत होणार म्हणून रजा काढून आला होता. काखेत एक डबा घट्ट धरलेला.

“शिस्टर, वर चला. पोरगी झालीय परवा. दिवस भरायच्या आधीच आली. माझी आये बोलते, जगायची नाय.” आणि मग आवाज खाली करून, “आयेला सांगू नका मी बोलावलं म्हणून.”

“का रे बाबा?”

“ती सोता सुईण हाय.”

धोंडूची आई म्हणजे रखमाकाकू. त्या चार वाड्यांतली बहुतेक माणसं तिच्या हातात जन्मलेली. मी तिला ऐकून ओळखत होते. तिच्या हाताला यश होतं, हे कबूल करायला मला तेव्हा जड जायचं, आता जात नाही. चढ चढता चढता धोंडूनं बाकीचं सांगितलं. बायको पारू. ह्याच्या आधी दोन मुलगे झाले, दोन्ही आठवड्याच्या आत गेले. पारूचं दूध विखारी आहे असं वाडीत ठरलं होतं. हेही मूल गेलं तर दुसरी बायको करायची, असं भावकीनं बोलून ठेवलं होतं.

“आणि तू काय बोललास?”

“मी डबा आणला,” तो म्हणाला.

डबा दुधाच्या भुकटीचा होता. वर एक गोरं गुबगुबीत बाळ. आत घडी घातलेलं पत्रक. धोंडूनं ते काढून माझ्या हातात दिलं. “इंग्रजी हाय. काय लिवलंय?”

मी वाचलं. पाणी उकळा, बाटली उकळा, भुकटी मापून घाला, उरलेलं फेकून द्या. खाली लिहिलं होतं की शहाण्या माता हेच दूध पसंत करतात. मी वाटेवरच थांबले. वाडीला पाणी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर यायचं. बाटली धुवायला राख. डबा संपल्यावर दुसरा मुंबईला. पत्रक सुबक छापलेलं होतं, एक खिळा वाकडा नव्हता. आणि ह्या डोंगरावर त्यातलं एक वाक्यही उभं राहत नव्हतं. छापलेलं वाचून शहाणं व्हावं, हे मी बापाच्या घरी शिकले. छापलेलं कोण विकतं आहे हे आधी बघावं, हे त्या डब्यानं शिकवलं.

“धोंडू, हे दूध करायला हॉस्पिटलचं स्वयंपाकघर लागतं,” मी म्हटलं. “तुझ्या बायकोच्या अंगात तयार दूध आहे. आधी ते बघू.”

“पन ते तर…”

“आधी बघू.”

घरात शिरले तर बाळंतिणीच्या खोलीत धूर आणि काळोख. बाजेखालची शेगडी विझत आलेली. बाजेवर पारू भिंतीकडे तोंड करून निजलेली. मूल तिच्याजवळ नव्हतं. माजघरात सुपात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. शेजारी मधाची वाटी आणि त्यात कापसाचा बोळा. मी पावलाला हात लावला. झऱ्यातल्या दगडासारखं गार. रडायची ताकद नव्हती, नुसतं कण्हत होतं.

रखमाकाकू चुलीपुढून उठून आली. उंच, काटक, कपाळावर गोंदलेलं. माझ्या पिशवीकडे पाहून म्हणाली, “कोनी बोलावली तुला?”

“कुणी नाही. उमरठला आले होते.”

“उमरठ खाली हाय. तू वर कशी आलीस? वारा आला काय उलटा?”

धोंडू डबा घेऊन ओटीवर सटकला.

“काकू, पोर गार पडतंय. आईच्या अंगावर ठेवू या.”

“तिच्याजवळ नाय न्यायचं.” तिचा आवाज चढला नाही. “दूद बाधतं तिचं. दोन नेले मी ह्या हातांनी जांभळीखाली. हा तिसरा खड्डा मला नाय खनायचा.”

मी भांडायला तोंड उघडलं होतं. एखादं सबंध पत्रक माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात आतून पारूचा आवाज आला. मला वाटलं होतं ती झोपली आहे.

“आत्याबाय, मला एकदा घेऊ द्या तिला. जायाचीच असंल तर सुपात नको. माझ्या अंगावर जाऊ दे.”

रखमाकाकूची नजर सुपाकडे गेली. मी ती संधी साधली. म्हटलं, “काकू, पाजत नाही. फक्त ऊब. शेगडी विझलीय तुमची, आईचं अंग विझलेलं नाही.”

काकूनं वाकून शेगडीतली राख चाचपली. “ऊब घे,” ती म्हणाली. “दूद नाय. मी इथंच बसते.”

मी पारूच्या चोळीची गाठ सोडली, फडकं काढलं आणि त्या पोरीला उघडीच तिच्या दोन्ही स्तनांच्या मधे पालथी ठेवली. डोक्याला माझा रुमाल गुंडाळला. पारूच्याच जुन्या लुगड्याचा पट्टा करून दोघींना एकत्र बांधलं आणि वर घोंगडी टाकली. रखमाकाकू बाजेच्या कडेला बसली, हात घोंगडीच्या आत, पोरीचं तोंड आणि स्तन यांच्या मधे. आडवा हात, कुंपणासारखा.

आम्ही बसून राहिलो. बाहेर धोंडूच्या बुटांचा आवाज, ओटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हळूहळू पोरीच्या पावलांचा रंग बदलला. कण्हणं थांबलं. मग तिनं डोकं उचलायचा प्रयत्न केला, पडली, पुन्हा उचललं. बाजूला सरकली. तोंड उघडलं आणि काकूचं बोट चोखायला लागली.

काकूनं बोट काढलं नाही. पण तिचा चेहरा मी पाहिला.

“भूक हाय हिला,” ती पुटपुटली.

“काकू, दूध बाधतं हे कुणी ठरवलं?”

“मुंगीनं.”

मग तिनं स्वतःच दाखवलं. अंगणातून फणसाचं पान आणलं, त्याचा चमचा दुमडला आणि पारूच्या स्तनातून चार थेंब त्यात पिळले. पिवळे, दाट, चिकट. भिंतीवरून जाणारी एक मुंगी उचलून त्यात सोडली. मुंगीचे पाय अडकले. धडपडली आणि थांबली.

“बगितलंस? चांगल्या दुदात मुंगी पवत भायेर येते. हिच्या दुदात तिन्ही येळेला मेली.”

हे पत्रकात नव्हतं. कुठल्याही पुस्तकात नव्हतं. म्हणून मला पहिल्यांदाच सांगायच्या ऐवजी विचारावं लागलं.

“बाकीच्या बायांच्या दुधात मरत नाही?”

“नाय. एवढी बाळंतपनं केली. एकीच्या दुदात नाय मेली.”

“त्यांचं कधी बघता?”

“दूद उतरल्यावर. तिसऱ्या-चवथ्या दिवशी. तवर चीक असतो, तो पिळून टाकायचा.”

“आणि पारूचं?”

“हिचं मी पयल्याच दिवशी बगते,” रखमाकाकू अभिमानानं म्हणाली. “माझी सून हाय. दुसऱ्यांच्या घरी जरा उशीर झाला तरी चालंल. माझ्या घरात कायबी कमी पडू दिलं नाय मी.”

सुपाशेजारची मधाची वाटी मी उचलून आणली. तिच्यापुढे ठेवली. काकूनं वाटीकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. भिंतीवरची दुसरी मुंगी तिनं स्वतःच उचलली आणि मधात टाकली. मुंगीचे पाय अडकले. ती थांबली.

तोच मध ती त्या पोरीला दोन दिवस चाटवत होती.

रखमाकाकूला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एवढ्या जन्मांची साक्षीदार बाई, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. दूध उतरल्यावर पातळ होतं, म्हणून मुंगी पोहते. चीक दाट असतो, म्हणून कुणाच्याही चिकात मुंगी मरते. पारूचा दोष एवढाच की तिच्या सासूनं तिची जास्त काळजी घेतली होती.

तिनं घोंगडीतून हात काढून घेतला. कुंपण उघडलं. पोरगी सरकली, डोकं आपटलं, पुन्हा सरकली आणि लागली. पारू दचकून ओरडली, “आई गो! केवढी ओढ हाय हिला!”

“तुझ्यावर गेलीय,” बाहेरून धोंडू म्हणाला. कान भिंतीला लावून उभा होता तर.

एवढ्याशा जिवाला ती ओढ टिकली नाही. चार घोट घेऊन दमून झोपली. मग मी काकूला सांगितलं की आता चीक पिळून थेंबाथेंबानं घालायचा. तिनं दुसरं फणसाचं पान दुमडलं आणि काम हातात घेतलं. तिच्या बोटांत माझ्यापेक्षा जास्त सफाई होती. मला बाजूला सरायला सांगितलं आणि मी सरले.

मुंबईची भुकटी उघडलीच गेली नाही. पुढे धोंडूनं ती गोदीतल्या एका मित्राला विकली असं ऐकलं. धोंडूसाठी दुसरी बायको पाहायला निघालेली भावकी पारूच्या पोरीच्या बारशाला घुगऱ्या खाऊन गेली. पारू महिनाभर त्या पोरीला चोळीतच बांधून होती. काम करतानाही आणि झोपतानाही. वाडीतले लोक तिला “माकडीन” म्हणायचे आणि ती म्हणायची, “हाय मी माकडीन, तुमचं काय जातं?” ती पोरगी आता उमरठच्या शाळेत जाते आणि मला पाहिलं की पळते, कारण मी देवी टोचणारी बाई आहे.

पण ही गोष्ट मी पोरगी वाचली म्हणून लिहीत नाहीये.

त्या दिवशी निघताना रखमाकाकू मला पोचवायला वाडीच्या टोकापर्यंत आली. वाटेवर जांभळीचं झाड आहे. त्याच्याखाली दोन लहान दगड. तिथे ती थांबली. पाठमोरीच विचारलं,

“बाय, ह्या दोघांचे दिवस बी अपुरेच व्हते ना गो?”

पहिल्याचे अपुरे होते. दुसरा भरल्या दिवसांचा होता, धडधाकट, रडका, आणि त्यालाही आईचं दूध न देता मधावरच ठेवलं होतं. हे पारूनं मला दुपारी सांगितलं होतं. आणि ज्या बाईनं त्याला हातात झेललं, तिला ते पारूच्याही आधी ठाऊक होतं.

मी पत्रकांच्या घरातली मुलगी. अर्धं सत्य म्हणजे पूर्ण खोटं, हे आमच्या घरी भिंतीवर लावलेलं होतं. महाडच्या सावकारांना, पोलादपूरच्या डॉक्टरांना, खुद्द वडिलांनाही मी तोंडावर बोलले आहे.

मी म्हटलं, “होय काकू. दोघांचेही अपुरे होते.”

ती मान हलवून परत फिरली.

आता त्या चार वाड्यांत मूल जन्मलं की मी पोचायच्या आधीच ते आईच्या छातीवर असतं आणि सूप खुंटीला टांगलेलं. घरातली एखादी म्हातारी “मुंगी नाय बगायची?” म्हणाली की रखमाकाकू म्हणते, “मुंगीला इचार, तिनं कंदी पोर पाजलंय काय!” मी आले की मला म्हणते, “उशिरा आलीस बाय. झालं सगलं. च्या पी.” वडिलांनी तिच्या सांगण्यावरून एक नवं पत्रक जुळवून दिलं आहे. अक्षर मोठं ठेवलंय. त्यात चीक आहे, मध आहे, आईच्या अंगाची ऊब आहे. मुंगीसुद्धा आहे. पहिल्या दिवशी कुणाचं दूध तपासलं आणि पुढे काय झालं, तेवढं नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं. खिळे जुळवायच्या आधी मीच काढलं.

प्रत्येक वेळी ती मला पोचवायला येते. प्रत्येक वेळी जांभळीखाली थांबते.

“दिवस अपुरे व्हते ना गो?”

“होते काकू.”

मग ती दगडावरचा पाला झाडते आणि आम्ही खाली उतरतो.